फ्लाइंग स्कूल निवडण्यापूर्वी

आउटिंगच्या रविवारी काका मला यलहंक्याला घरी नेतात. वाटेत जक्कूर आलं की मी खिडकीला चिकटतो. तिथे कर्नाटक सरकारचं फ्लाइंग स्कूल आहे. सेसना दिसलं तर दिवस चांगला जातो.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र या विषयातली गंमत गेली. साताऱ्याच्या माझ्या चुलतदादाला बारावीनंतर कमर्शियल पायलट व्हायचंय. एका संस्थेने फोनवर सांगितलं, आठवड्यात पैसे भरा, सवलत देतो. थोरले काका रस्त्याकडेची जमीन विकायला निघाले. आजी त्या रात्री जेवली नाही. दादा म्हणाला, "तू मिलिटरी स्कूलचा, तूच सांग." मला काय ठाऊक होतं! परत आल्यावर प्रेपनंतर वाचून जे कळलं ते लिहितो. तुमच्याही घरी असा दादा किंवा ताई असेल.

पहिला प्रश्न शाळेचा नाहीच, तब्येतीचा आहे. कमर्शियल परवान्याला डीजीसीएची क्लास वन वैद्यकीय तपासणी लागते, त्याआधी क्लास टू. रंग ओळखण्यातला दोष कित्येकांना स्वतःलाही माहीत नसतो. ही पहिली क्लास वन तपासणी जिथे होते त्यांतली एक जागा आपल्या बेंगळुरूतच आहे, हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. आधी तपासणी, मग फी.

दुसरा प्रश्न विमानांचा. परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास स्वतः पायलट इन कमांड म्हणून. आता गणित करा. समजा शाळेत 80 विद्यार्थी आहेत आणि 4 विमानं. एकूण हवेत 16,000 तास. एक विमान रोज 5 तास, वर्षाचे 250 दिवस उडालं तर 1,250 तास. चार विमानांचे 5,000. म्हणजे सगळ्यांचे तास पुरे व्हायला तीन वर्षांहून जास्त! पावसाळा, धुकं, ठरावीक तासांनंतरची देखभाल, हे सगळं वेगळंच. म्हणून माहितीपत्रकावर किती विमानं छापली आहेत ते विचारू नका. आज किती उडण्याजोगी आहेत, इन्स्ट्रक्टर किती, आणि मागच्या बॅचला 200 तासांना किती महिने लागले, हे विचारा. उत्तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घ्यावं, ऑफिसमधून नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे इथे उड्डाण शिकवतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे. 2025 पासून डीजीसीए स्वतः अशा संस्थांना श्रेणी देते, तीही पाहावी. फी एकदम भरू नये, उडालेल्या तासांप्रमाणे टप्प्याने भरावी, आणि मध्येच सोडलं तर किती परत मिळणार ते लेखी घ्यावं.

माझं स्वतःचं बरं आहे. मला एनडीएला जायचंय. खडकवासल्यानंतर दुंडीगलला हवाई दलच शिकवतं, घरची जमीन विकावी लागत नाही. फक्त निवड व्हायला हवी, आणि माझं गणित अजून काठावर आहे. (वरचं गणित आमच्या सरांनी तपासलंय.)

दादाने त्या संस्थेला फोन करून विचारलं, काल किती विमानं उडाली? "माहितीपत्रक पाठवतो" म्हणाले. सवलतीचा आठवडा गेला. दादाची क्लास टू झाली, क्लास वनसाठी तो पुढच्या महिन्यात इकडे येतोय. जमीन अजून आमचीच आहे. तो आला की एक रविवार आम्ही जक्कूरच्या कुंपणाबाहेर उभे राहणार, आणि किती विमानं उडाली ते मी वहीत मांडणार.