बुद्धिबळाच्या पटावरील एक प्रश्न

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बुद्धिबळाचा पट मांडला म्हणजे भोवती विद्यार्थ्यांचा गराडा पडतो, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु हे डाव पाहताना आम्हांस असे आढळले की, पुष्कळ मुले हरतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर घाई अधिक म्हणून. हरलेला मुलगा 'मला हा खेळ येणारच नाही' असे म्हणून उठून जातो, याचे आम्हांस वाईट वाटते. त्याच्याकरिता हे चार शब्द.

नेहमी घडणारा एक डाव पाहू. दोघांनीही राजापुढील प्यादे दोन घरे सारले. पांढऱ्याने राजाकडील उंट तिरपा बाहेर काढला. काळ्याने वजिराकडील घोडा काढला. मग पांढऱ्याने वजीर थेट पटाच्या कडेस आणला. काळ्यास वाटले, वजीर आयताच सापडला! त्याने दुसरा घोडा काढून वजिरावर रोख धरला. पांढऱ्याने वजिराने काळ्या राजाच्या उंटापुढील प्यादे मारले आणि चौथ्याच चालीत मात झाली. वजिरास उंटाचा जोर असल्यामुळे राजास तो मारता येईना.

काळ्याचे चुकले कोठे? त्या प्याद्यास केवळ राजाचाच जोर असतो; त्यावर उंट व वजीर या दोघांची नजर होती. "वजीर येथे कशासाठी आला?" एवढा प्रश्न काळ्याने मनाशी विचारला असता, तर राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे सारून त्याने वजिरास हुसकले असते. वजीर मागे हटून पुन्हा त्याच प्याद्यावर रोख धरील, तर घोडा मध्ये आणावा. मग संकट टळते आणि पांढऱ्याच्या चाली फुकट जातात.

म्हणून प्रत्येक चालीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रतिपक्षाचा हेतू काय? दुसरी, आपण जेथे जातो तेथे आपणांस कोण मारील आणि त्यात लाभ कोणाचा? प्याद्याचे मोल १ धरल्यास घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ व वजीर ९, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तिसरी, आपले कोणते मोहरे अद्याप घरीच निजले आहे? घोडे व उंट आधी बाहेर काढावेत, किल्लेकोट करून राजास सुरक्षित करावे, आणि मगच हल्ल्याचा विचार करावा.

पुष्कळ चाली पाठ असल्यावाचून खेळ साधत नाही, असे कोणी समजू नये. पंजाबातील सुलतान खान प्रथम देशी पद्धतीचा खेळ शिकले. तीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालते. प्रारंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांस फारसे नव्हते. तरी १९२९, १९३२ व १९३३ या साली त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांस हरविले.

आता आमचीच फजिती सांगतो. गेल्या पावसाळ्यात सहावीतील एका विद्यार्थ्याशी खेळताना घोडा फुकट मिळतो असे पाहून आम्ही तो वजिराने मारला. हात काढताच दूरच्या कोपऱ्यातील उंट दिसला! आमचा चेहरा पाहून मुलगा हळूच म्हणाला, "सर, चाल मागे घेता का?" मोह झाला खरा. पण एकदा केलेली चाल फिरवू नये, हे आम्हीच त्यास शिकविले होते. आम्ही नको म्हटले. वजीर गेला आणि पाठोपाठ डावही गेला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा एका मित्राशी खेळताना चुकला. त्याने चाल मागे मागितली नाही.

पालकांस एक विनंती आहे. मूल हरून घरी आले तर "का हरलास?" असे विचारू नये. "कोणत्या चालीला घाई झाली?" असे विचारावे, आणि पट पुन्हा मांडून ती चाल त्याच्याकडूनच शोधवून घ्यावी.