काटा रुतल्यावर शरीरात काय घडते?

पायात कधी काटा रुतला नाही असा शेतकरी विरळाच. काटा काढला तरी संध्याकाळपर्यंत ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. मग घरात बोलणे सुरू होते, ‘जखम चिघळली.’ दर वेळी तसे नसते. ही चार लक्षणे रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती. त्यांचा अर्थ लागायला मात्र पुढे अठराशे वर्षे गेली.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या आरपार दिसणाऱ्या अळ्यांत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! या शोधकार्यासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्या पायातही हेच घडते. कातडीखाली भक्षक पेशी कायम राखणीला असतात. जंतू शिरले की त्या त्यांना गिळू लागतात व मदतीची हाक देतात. जवळच्या दुसऱ्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली व ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी पाझरते, म्हणून सूज. त्याच वाटेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत येऊन पोहोचतात. जंतू मारताना त्याही मरतात, आणि हा सारा लगदा म्हणजे पू. ही राखण जन्मजात असते, तिला जंतूची आधी ओळख लागत नाही. लसीने शिकणारी फौज निराळी.

म्हणून सूज पिळू नका. पिळल्याने जंतू आणखी खोल जातात. साबण व स्वच्छ पाण्याने जखम धुवा. काट्याचे टोक आत राहिले असेल तर सूज उतरणार नाही, ते काढवून घ्या. तंबाखू, चुना लावू नका, आणि शेण तर मुळीच नको. धनुर्वाताचे जंतू माती व शेणातच असतात. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत ते विष तयार करतात, आणि जखम वरून अगदी शांत दिसते. इथे जन्मजात राखण अपुरी पडते, लसच हवी. मातीने भरलेली जखम असेल आणि मागील डोसाला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

जांघेत गाठ आली, जिला अवधण म्हणतात, तर तीही राखणीचीच चौकी. पण जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली, थंडी वाजून ताप आला, किंवा दोन दिवसांनी सूज कमी होण्याऐवजी वाढली, तर राखण हरते आहे असे समजा आणि डॉक्टर गाठा.

मधुमेह्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असेल तर काटा रुतलेला कळतही नाही, आणि साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशीही मंदावतात. अशा माणसाने अनवाणी शेतात उतरू नये, आणि रोज रात्री पाय धुऊन तळवे घरातल्या कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.