फिलॉसॉफी घेतली तर पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की एखादी आई तरी माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतेच. मुलीला ब्याण्णव टक्के, आणि ती तत्त्वज्ञानच घेणार म्हणून हटून बसलेली. काळजी रास्त आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो.

आधी हा अभ्यास असतो कसा, ते पाहा. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तलं हे उदाहरण. मुलांना वाटतं, पाच मिनिटांत धडा संपला. मग शिकवणारे शास्त्री विचारतात, "आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं उलट म्हणता येईल?" वर्ग एकसुरात हो म्हणतो. शास्त्री लोखंडाच्या तापून लाल झालेल्या गोळ्याची आठवण करून देतात. त्यात आग आहे, धूर कुठे आहे? मग शोध सुरू होतो, आणि बऱ्याच वेळानं कुणाला तरी सुचतं, की धुरासाठी जळण ओलं लागतं. एवढ्या एका अटीसाठी अख्खा तास जातो. त्या तासाला जिची नजर घड्याळाकडे गेली नाही, तिला या विषयापासून अडवू नका.

तयारी मात्र लांबची आहे. भारतीय दर्शनं शिकायची तर संस्कृत हवं, बौद्ध विचारासाठी पाली. धर्मविद्येकडे वळायचं तरी तेच: पुण्याच्या ज्ञानदीप संस्थेत ख्रिस्ती धर्मगुरू होणारे विद्यार्थी आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकतात. बायबलच्या सखोल अभ्यासाला हिब्रू आणि ग्रीक लागतात. भाषा वय वाढेल तशा जड जातात, म्हणून सुरुवात आत्ताच केलेली बरी. आणि घाई असणाऱ्यानं इकडे येऊच नये. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, आणि छापलेले खंड अजून 'अ' या अक्षरातच आहेत.

या तयारीचं चीजही होतं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ साली कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' ही पदवी घेऊन आले. पुढे याच माणसानं मराठी विश्वकोश उभा केला. जुन्या शास्त्रात मुरलेली बुद्धी कुठवर पोचते, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पैशाचं. एम.ए.नंतर नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर संशोधनाची पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदेच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. खरी अडचण त्यानंतर येते. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आहेत, आणि चांगले पीएच.डी. झालेले लोकही वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. हे मुलीपासून लपवू नका. भाषांतर, संपादन, कोशकार्य यांपैकी एक काम तिनं शिकतानाच हातात घ्यावं. यूपीएससीला तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, पण केवळ तेवढ्यासाठी पदवीची तीन वर्षं यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलीला घेऊन जवळच्या कॉलेजात जा, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची परवानगी घ्या आणि एका तासाला तिच्याशेजारी बसा. घरी परतताना ती काय बोलते, ते मध्ये न बोलता ऐका.