निर्यातीचा माल आणि कंटेनरची निवड

शेतकरी बंधूंनो, माल कितीही उत्तम पिकविला तरी कंटेनर चुकीचा निवडल्यास परदेशी पोहोचेपर्यंत तो खराब होतो. न्हावाशेवा बंदरातून प्रामुख्याने २० व ४० फूट लांबीचे कंटेनर जातात. त्यांचे मुख्य प्रकार असे :

१) साधा बंद कंटेनर : तांदूळ, हळद यांसारख्या कोरड्या मालासाठी. माल नीट वाळलेला नसल्यास आत ओल धरून बुरशी येते.

२) हवेशीर कंटेनर : कांद्यासारख्या श्वसन करणाऱ्या मालासाठी.

३) शीत कंटेनर (रीफर) : द्राक्षासाठी तापमान ० ते १ अंश, तर केळीसाठी १३ ते १४ अंश सेल्सिअस ठेवावे. अधिक थंडीने केळीची साल काळपट पडते. म्हणून दोन्ही फळे एकत्र भरू नयेत.

शीत कंटेनर गार मालाचे तापमान टिकवितो. गरम माल झटपट गार करण्यासाठी तो नसतो. म्हणून काढणीनंतर द्राक्षांचे पूर्वशीतकरण लवकरात लवकर करावे. थंड हवा तळातून वर येते व छताखालून परत फिरते. यासाठी पेट्या आतील लाल रेषेच्या वर रचू नयेत. दार बंद करण्यापूर्वी एवढे स्वतः पाहून घ्यावे.