वजन हाताला कळत नाही तेव्हा

चि. अमोल,


दुकानाचा फोटो मिळाला. टेंभुर्णीच्या पुढं जागा धरलीस हे बरं केलंस. उसाच्या हंगामात तिथं गाड्यांना तोटा नाही. पण फोटोत माझी नजर गेली ती कोपऱ्यातल्या हवेवरच्या जॅकवर. "मामा, नुसता खटका दाबायचा, ट्रक आपोआप वर," असं तू फोनवर म्हणालास, तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं.

जॅक चांगलाच आहे. दिवसाला दहा चाकं काढणाऱ्या माणसाचा खांदा वाचतो. माझा वाचला नाही, म्हणून सांगतो. पण आपण काय घेतलंय ते आधी समजून घे. तुझ्या जॅकमध्ये ट्रक हवेवर उभा नसतो, तेलावर असतो. हवा आतला मोठा दट्ट्या हलवते, तो बारीक दट्ट्यानं तेल दाबतो, आणि कॉम्प्रेसरच्या आठ किलो दाबाचे तेलात शेकडो किलो होतात. म्हणून हवेचा पाइप निसटला तरी गाडी धपकन खाली येत नाही. फुग्याच्या जॅकचं तसं नाही. त्यात भार हवेवरच असतो. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा फुगा म्हणजे साधारण 490 चौरस सेंटिमीटर. त्याला आठनं गुण, जवळजवळ चार टन. तेही फुगा बसका असताना. वर जाताना तो गोल होतो, टेकणारी जागा कमी होते आणि ताकद घटते. कार, छोटा टेम्पो यांना तो झकास. चिखलातही रुतत नाही. ट्रकच्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगखाली मात्र घालू नकोस. चार टायरच्या एका एक्सलवर 2018 पासून साडेअकरा टन कायद्यानंच चालतात. उसाची गाडी कायदा किती पाळते ते तू काट्यावर पाहतोसच.

आता माझ्या करंगळीची गोष्ट. अर्धीच का, असं तू लहानपणी विचारायचास आणि मी उंदरानं खाल्ली म्हणायचो. मी तेव्हा एका केरळच्या मिस्त्रीकडे शिकत होतो. मे महिना, दुपारचे दोन, कांद्यानं भरलेला ट्रक डांबरावरच उभा. मी हातजॅक लावला, खाली फळी न घालता. दांडा मारताना तो दोनदा एका अंगाला गेला. हाताला कळलं होतं, अमोल. भार सरळ येत असला की दांडा एकसारखा जड होत जातो. जॅक कलला की मध्येच झटका बसतो. ड्रायव्हर घाई करत होता, मी हाताचं ऐकलं नाही. डांबर उन्हानं मऊ झालेलं, जॅकचा तळ एका कडेनं रुतला आणि बाहेरचं चाक ओढताना हाउसिंग सटकलं. मिस्त्रीनं मला दवाखान्यात नेलं आणि परतल्यावर पहिल्यांदा फळी दाखवली. ती भिंतीला टेकूनच होती.

माझ्या हाताला निदान कळलं तरी होतं. तुझ्या खटक्याला तेवढंही कळणार नाही. दोन टन असो की सहा, बोटाला सारखंच लागतं. म्हणून माझं एवढं ऐक: त्या जॅकला हातानं मारायचा दांडाही आलाय, तो अडगळीत टाकू नकोस. हवेनं जॅक हाउसिंगला टेकव, मग भार घेतानाचे पहिले चार-सहा झटके हातानं दे. सरळ येतोय असं वाटलं तर पुढं खुशाल हवा सोड.

नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले कर. उचललेल्या गाडीवर पान्ह्याला लोंबकळणारी पोरं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. समोरच्या चाकांना दगड लाव. रस्ता सपाट दिसला तरी पाणी कुठं वाहतं ते बघ. आणि गाडी उचलली की हाउसिंगखाली घोडी, म्हणजे टेकूचा स्टँड, लाव. सील कधी गळायला लागेल ते आधी सांगत नाही. चहा पिऊन येईपर्यंत गाडी चार बोटं खाली बसलेली मी पाहिलीय.

तू पाठवलेला शर्यतीचा व्हिडिओ पाहिला. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाड्यांच्या पोटातच हवेचे जॅक असतात, नळी खुपसली की गाडी उभी. पण फॉर्म्युला वनमध्ये, जिथं दोन-तीन सेकंदांत चारी चाकं बदलतात, तिथं माणूस दांडा दाबूनच गाडी उचलतो. म्हणजे दांड्याची लाज वाटायचं कारण नाही.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढ, नाहीतर पावसाळ्यात तेच जॅकमध्ये जाऊन गंज चढवेल.

दुकान नवं, हातात पैसा कमी, घोड्या पुढच्या महिन्यात घेईन असं तू म्हणशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या दोन घोड्या आणि बाभळीची एक जाड फळी सोमवारच्या एसटीनं पाठवतोय. स्टँडवर जाऊन उतरवून घे. तोवर भरलेली गाडी घेऊ नकोस.

तुझा,
मामा