मुखात येते ते कुठून?

मत्तय 12:34 आपण शिवीगाळ करणाऱ्यांना लावतो. प्रभू येशूने मात्र ते परूश्यांना, शास्त्र जाणणाऱ्यांना सुनावले. आंधळा व मुका मनुष्य बरा झाला, आणि त्यांना त्यात बालजबूल दिसला!

पिशोर भागातल्या भिल्ल वस्तीवर मी एका वृद्ध बाबांना "अरे, इकडे ये" म्हणालो. त्याच दिवशी दुकानदाराला मात्र "या शेठ, बसा." जीभ घसरली, असे मी मनाला समजावले. पण ती दर वेळी गरिबाकडेच कशी घसरते? याकोब 3:9 मध्ये हेच दुखणे आहे : स्तुती देवाची, आणि त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाला तुच्छ शब्द.

पुढच्या भेटीत विचारले, "बाबा, बसू का?" त्यांनी गोणपाट अंथरले.