मंदावलेले विरजण पुन्हा जोमदार कसे करावे

दूध रात्रभर ठेवूनही घट्ट होत नाही, दही पातळ राहते वा त्यावर पाणी सुटते, अशा तक्रारी नेहमी कानी येतात. दोष बहुधा दुधास दिला जातो. परंतु पुष्कळदा विरजणच दुर्बळ झालेले असते. एकदा पाच लिटर दूध बिघडले म्हणजे लोणी, तूप व ताक या तिहींना कुटुंब मुकते. सबब, विरजणाची पारख प्रत्येक गोपालकास असावी.

विरजण का मंदावते?

विरजणात दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवंत सूक्ष्म जंतू असतात. ते दुधातील साखरेचे आम्ल बनवितात व त्यायोगे दूध साकळते. दही लागल्यावरही आम्ल वाढतच राहते आणि अखेरीस त्याच आम्लात हे जंतू क्षीण होतात. किण्व व बुरशी मात्र आंबटपणातही तग धरून वाढतात.

टाकून देण्याजोगे विरजण

बुरशीचे ठिपके, बुडबुडे, तार सुटणे, कुबट वा दारूसारखा वास यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ते विरजण सुधारण्याच्या भरीस पडू नये. शेजारून ताजे, गोडसर विरजण आणावे. केवळ फार आंबट झालेले विरजण मात्र सुधारता येते.

कृती

१. सुमारे 100 मिलिलिटर दूध 10 मिनिटे उकळावे व झाकून कोमट होऊ द्यावे. उष्णता 30 ते 37 अंश सेल्सिअस असावी. कढत दुधात जंतू मरतात.

२. जुन्या दह्याचा वरचा थर काढून खालचे एक चमचा दही, म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर, त्या दुधात नीट मिसळावे. भांडे व चमचा उकळत्या पाण्यातून काढलेले असावेत.

३. भांडे झाकून न हलविता ठेवावे. थंडीत ते घोंगडीत गुंडाळावे. प्रथम दही लागण्यास पूर्ण दिवसही लागेल.

४. दही लागताच, फार आंबट होण्यापूर्वी, त्यातील एक चमचा नव्या 100 मिलिलिटर दुधास लावावे. तिसऱ्या वेळी अर्धा चमचा पुरे.

तिसऱ्या वेळचे दही 8 ते 10 तासांत घट्ट लागले व वास स्वच्छ आला, तर विरजण सुधारले असे समजावे. ते 100 मिलिलिटर विरजण पाच लिटर दुधास पुरते. तिसऱ्या खेपेसही दही न लागल्यास ते टाकून द्यावे. आरंभी दूध थोडे घेण्याचे कारण हेच की, प्रयोग फसला तरी नुकसान वाटीभरच होते.

औषधाचा संशय

विरजण चांगले असूनही दही लागत नसेल, तर कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध त्यात मिसळले आहे काय, हे पाहावे. हे औषध दुधात उतरून विरजणाचे जंतू मारते. प्रत्येक जनावराचे दूध निरनिराळ्या वाटीत घेऊन एकच विरजण लावल्यास संशय कोठे घ्यावा, ते कळते. असे दूध पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत खाण्यास वा विकण्यास देऊ नये.

जतन

दही वाढण्यापूर्वीच उद्याचे विरजण स्वच्छ, झाकणाच्या वाटीत काढून थंड जागी ठेवावे व शक्यतो रोज ताजे करावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही कृती महिला मंडळांतून प्रत्यक्ष करून दाखवावी.